पायावर पाय

प्रिय दादा,

तुझे फोन येतात ते मला दिसतात. वाजतानाही दिसतात, कारण हल्ली मी फोन तोंड वर करून टेबलावर ठेवते आणि त्याच्याकडे बघत बसते. तू दिसतोस, थांबतोस, मग वहिनी दिसते. तुम्ही दोघं आळीपाळीने मला पकडायला बघता आणि मी "कामात आहे" एवढं लिहून मोकळी होते. परवा तू लिहिलंस, "मी ड्रमवर नको असेन तर तसं तोंडावर सांग, आडून आडून कशाला?" ते वाचून मी खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. अरे वेड्या, तू ड्रमवर नसशील तर मी बेसला हात तरी लावेन का? राग नाही, रुसवा नाही. मला भीती वाटतेय, दादा. ती फोनवर सांगता आली नसती, म्हणून हे पत्र.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर तू शेवटचं पान उलटून बघशील. तुझी ती खोड मला लहानपणापासून माहीत आहे. माझे कान जाताहेत. एकदम नाही, वरचे बारीक आवाज आधी. झांजेवर काठी पडल्यावर जो झंकार बराच वेळ हवेत राहतो ना, तो आता मला मध्येच कापल्यासारखा ऐकू येतो. "पण तपासणीत तर कान उत्तम निघाले होते की!" असं तू आत्ता मोठ्याने म्हणाला असशील आणि वहिनीने हातातलं काम थांबवून वर बघितलं असेल. तिथेच तर घोडं पेंड खातं. त्या तपासणीच्या भरवशावर तू जुना बँड पुन्हा गोळा केलास. बंबवाल्याने माळ्यावरून ट्राँबोन खाली काढला. भोंग्याने पुन्हा गाता यावं म्हणून सिगारेट सोडली, जे त्याच्या बायकोला जन्मभर जमलं नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही सगळे माझ्या स्टुडिओत येणार, मी बेस वाजवायचा, रेकॉर्डिंग मीच करायचं आणि मिक्सिंगही मीच, असं ठरलं. ती तपासणी खोटी आहे. यंत्र खोटं नव्हतं, ती तपासणारी मुलगीही नाही. खोटी मी. कशी ते सांगते, पण थोडं मागून यावं लागेल.

तुला ती लाँड्रीवरची खोली आठवते? खालून इस्त्रीची वाफ फळ्यांतून वर यायची, माझ्या तारा गंजायच्या आणि तुझ्या ड्रमचं कातडं सैल पडायचं. तुला एकच वेग माहीत होता, आधीच्या गाण्यापेक्षा जास्त. तीन कॉर्ड, आरडाओरडा आणि भोंग्याने दुसरा श्वास घ्यायच्या आत गाणं खलास. घरमालकावर गाणं, डेपोतल्या तपासनिसावर गाणं, ज्याने तुला नापास केलं त्या गणिताच्या सरांवर तर दोन. आई एकदा डबा घेऊन वर आली, दारात उभी राहिली, आणि आपण थांबल्यावर अगदी काळजीने विचारलं, "हे संपलं की मोडलं?" पंक म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला नंतर कुणीच सांगितलेलं नाही.

मग बंबवाला आला. अग्निशमन दलाच्या बँडमधला माणूस, ड्यूटीवरून थेट, अंगात गणवेश, पायात ते गमबूट. कोपऱ्यात बसून त्याने आपलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आग लागलीय का कुठे? मग एवढे धावता कशाला? जरा जागा सोडा की, मी शिरू कुठून?" त्याच्यासाठी आपण जागा सोडायला लागलो आणि तिथून आपल्याला उलट्या ठेक्याचं ते स्का सापडलं. सगळं जग "एक"वर पाय ठेवतं. आपली गिटार "एक" सोडून पुढच्या "आणि"वर चिक करायची. एक-आणि-दोन-आणि. तुम्हा सगळ्यांना ते अंगातून यायचं. मला मोजावं लागायचं. मी मनात मोजायचे आणि उजव्या पायाच्या चवड्याने जमिनीवर ठोकत राहायचे. म्हणून तुम्ही मला टकटक म्हणायला लागलात. पुढे जेव्हा लोक गाण्याच्या मध्ये बेससाठी ओरडायला लागले, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "कानामागून आली आणि तिखट झाली." तोंड वाकडं करून म्हणालास, पण परतताना माझा अँप्लिफायर तूच उचललास.

आणि ते पहिलं रेकॉर्डिंग. फळांच्या जुन्या शीतगृहात काकांनी थाटलेला स्टुडिओ, हातभर जाडीच्या भिंती, उन्हाळ्यातही स्वेटर. काका म्हणजे कुणाचेच काका नव्हते, पण त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तुझे ड्रम आधी टेपवर गेले. मग माझी पाळी. मी डोळे मिटून वाजवलं, मला वाटलं वा, काय वाजवलंय! काका काचेमागून बाहेर आले आणि म्हणाले, "बेस ठीक आहे. सोबत सुतार कुणी आणलाय?" माझा पाय टेपवर गेला होता. बूट काढले, तरी ठोका. पायाखाली उशी ठेवली, तर घसघस. पाय मुडपून बसले, तर बोटंच चुकायला लागली. मी रडायच्या बेतात होते. तू स्टूल ओढलंस, माझ्या शेजारी बसलास आणि तुझा तो धोंड्यासारखा बूट माझ्या पायावर ठेवून दिलास. मी चिडले. म्हटलं, "काढ, मला मोजता येत नाहीये!" तू हललाही नाहीस. म्हणालास, "मोजू नकोस. ऐक."

खरं सांगते, त्या दिवशी मी तुझे ड्रम पहिल्यांदा ऐकले. तोवर मी ते नुसते मोजत होते. ध्रुवपद यायच्या आधी तू किंचित रेंगाळतोस, कुणाला तरी दार उघडून द्यावं तसा. ते मला तेव्हा कळलं आणि मीही तुझ्याबरोबर रेंगाळले. ते गाणं अजून लोक मागून ऐकतात. तरुण मुलं येतात, विचारतात, बेस असा का लागतो हो त्यात? मी काहीतरी तांत्रिक सांगून देते.

बँड कसा संपला यावर भोंग्याच्या दहा गोष्टी आहेत, सगळ्यांत तो शहीद. माझ्या मते तो घाटात संपला, जेव्हा आपल्या गाडीचे ब्रेक गेले आणि तू खाली शिरलास. बाकीचे रस्त्याकडेला बसून शिव्या देत होते. बऱ्याच वेळाने तू बाहेर आलास, कोपरापर्यंत काळा, आणि तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कुठल्याच स्टेजवर बघितला नव्हता. तेव्हाच माझ्या मनात आलं, गेला हा. गाण्यात ज्याने कधी ब्रेक लावला नाही, तो आज गावाचे ब्रेक दुरुस्त करतो. मला वाईट वाटलं होतं, आता नाही वाटत.

मी काकांकडे राहिले. वायरी गुंडाळायला शिकले, मग माइक कुठे ठेवायचा ते, मग कुठे ठेवायचा नाही ते. तू विचारायचास, कंटाळा नाही येत का दुसऱ्यांची गाणी ऐकून? नाही आला रे. जाहिराती केल्या, शाळेच्या प्रार्थना केल्या, एका दंतमंजनवाल्यासाठी दिवसभर चूळ भरल्याचे आवाज टिपले. पंक आणि स्कावाले मात्र दर शनिवारी, ते कायम. लोक यायचे, मला ओलांडून बघायचे आणि विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायचे, "साहेब आत आहेत," आणि आत जाऊन काचेमागे बसायचे. काकांनी मला एकच गुरुमंत्र दिला. मशीनसमोर सगळंच चांगलं वाटतं, म्हणायचे. गाणं झालं की दार उघडं टाक, मागच्या मोरीत जा, नळ सोड आणि चहाचे कप धू. नळाच्या आवाजातूनही जे ऐकू येतं, तेवढंच त्या गाण्यात खरं आहे. काका गेले, त्यांचं मशीन माझ्याकडे आलं, आणि मी आजतागायत प्रत्येक गाणं कप धुऊनच पास केलं. माझ्याएवढे स्वच्छ कप दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत नसतील.

कपांनीच मला दगा दिला. या वर्षी मुलींचा एक बँड आला होता, स्का, अगदी आपल्यासारखा, फक्त सुरात. मी मिक्स केलं, नळ सोडला, आणि गिटारची चिक ऐकूच येईना. मला वाटलं, गिटारवाली दबकून वाजवते. आवाज चढवला, वरची धार वाढवली. पुन्हा कप. तरी नाही. पुन्हा वाढवली. शेवटी नळातून चिक ऐकू आली तेव्हा मी समाधानाने हात पुसले. मुली दोन-चार दिवसांनी परत आल्या, दारातच घुटमळल्या. त्यांच्यातली जी तोंडाळ आहे तीसुद्धा खाली बघत होती. म्हणाली, "मावशी, चुकलं तर माफ करा, पण गिटार कानात सुईसारखी घुसतेय. घरात कुत्रं पलंगाखाली पळालं." मी हसले, म्हटलं, स्पीकरची तार सैल झाली असेल. ते सगळं मी पुन्हा करून दिलं, पण ऐकून नाही. पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो, तो बघून बघून. कानाचं काम डोळ्यांवर टाकलं. आणि त्या मुली "आता मस्त!" म्हणाल्या, त्याने तर मी आणखीच हादरले.

वहिनीला मी एवढंच म्हणाले होते की कानात शिट्टी वाजते. तिने पिच्छाच पुरवला, म्हणून तपासणीला गेले. आता नीट वाच, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ती छोटी बंद खोली, जाड दार, मध्ये काच. जन्मभर मी काचेच्या या बाजूला बसले, त्या दिवशी त्या बाजूला. काचेपलीकडे एक गोड मुलगी, हाताखाली बटणं. म्हणाली, "आवाज आला की हे दाबायचं, कितीही बारीक असला तरी." मी हेडफोन लावले. आधी खालचे, घुमणारे आवाज आले, सगळे ऐकू आले, सगळे दाबले. मग ते वर वर जाऊ लागले, पातळ होऊ लागले. आणि मग काहीच नाही. पण दादा, ती मुलगी बिचारी सकाळपासून तेच करत असणार. तिचा हात एका लयीत पडत होता. आवाज, थांबा, थांबा, आवाज. मला ती लय पहिल्या मिनिटातच कळली होती. माझा पाय जमिनीवर हलत होता. आणि जिथे आवाज यायला हवा, तिथे तो आला नाही तरी माझ्या बोटाने बटण दाबलं. पहिल्यांदा तर माझ्याही नकळत. नंतर मला कळत होतं. मी थांबले नाही. मुलगी मध्येच आवाजाची जागा बदलायची, तर ती कुठे बदलणार हेही मला आधी कळायचं. बंबवाल्याच्या हाताखाली शिकलेली मी, मला कसली ती चुकवतेय!

ती दार उघडून म्हणाली, "अहो, तुमचे कान तर कॉलेजातल्या मुलीचे आहेत!" डॉक्टरांनी कागदावर छान छान लिहिलं. मी तुला फोन केला, वहिनीला केला, त्या तोंडाळ मुलीलासुद्धा कळवलं. घरी आले आणि चपलाही न काढता पलंगावर बसून रडले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, पण मूठ झाकून ठेवणाऱ्याचा हात अवघडतो हे कुणी सांगत नाही.

त्यानंतरच तू रेकॉर्डचा विषय काढलास. तो फोन मला आठवतो, कारण त्यातलं निम्मंही मला कळलं नव्हतं. फोनवर तुझा आवाज आता मला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येतो, शब्दांच्या कडा झिजलेल्या. पण बोलण्यालाही ठेका असतो. तू थांबलास की मी "हो" म्हणायचे, तू हसलास की मी हसायचे. तू खूश होऊन फोन ठेवलास. मी कशाला हो म्हणाले ते मला दुसऱ्या दिवशी वहिनीच्या मेसेजवरून समजलं. तेव्हापासून मी तुझा फोन उचललेला नाही. आता कळलं ना, का?

तेव्हापासून माझं रोजचं आयुष्य म्हणजे परीक्षाच आहे. सकाळी उठल्याबरोबर कानाशी बोटं घासून बघते. किल्ल्या खुळखुळवते. किटलीजवळ उभी राहते आणि वाफ दिसायच्या आत शिट्टी ऐकू येते का बघते. कधी येते, मग दिवस बरा जातो; कधी येत नाही, मग मी किटलीवरच संशय घेते. डास कानाशी गुणगुणतो ते कळतच नाही, चावल्यावर कळतं. वहिनी म्हणेल, सुखी आहेस. डाव्या कानातली शिट्टी तेवढी चोवीस तास स्वच्छ ऐकू येते, तिला काही झालेलं नाही. कामाला बसले की आधी आलेख उघडते. कुणी गाणं ऐकून गप्प राहिलं की वाटतं, झालं, कळलं याला. आपल्या बँडच्या रेकॉर्डचा विचार आला की तर मी मशीन बंद करून बाहेर येते. भोंगा कसाही गाईल, ते आपण जन्मभर सोसलंय. पण तुझी झांज मी खराब केली आणि तू प्रेमापोटी "छान झालंय" म्हणालास, तर ते मला सहन होणार नाही. आणि हे काम गेलं तर मी कोण, हे मला खरोखर माहीत नाही. तुला ब्रेक सापडले. मला या दोन कानांपलीकडे काही सापडलं नाही.

म्हणून मी पुन्हा तपासणी ठरवली आहे, दुसरीकडे, येत्या गुरुवारी सकाळी. जायला मी भीत नाही. मी भिते ती माझ्या पायाला. ती मुलगी कोणीही असो, तिची लय मी पकडेन. न पकडायचं ठरवलं तरी पकडेन. मला दुसरं काही येतच नाही, दादा. मी तिथे विचारून ठेवलं आहे: आतमध्ये शेजारी कुणी बसलं तर चालतं, फक्त बोलायचं नाही. तुला न बोलता बसणं कितपत जमेल देव जाणे, पण ये. गॅरेज अर्धा दिवस बंद ठेव. येताना ते कामाचे जड बूट घालून ये, वहिनी कितीही ओरडली तरी. माझ्या शेजारी स्टूल ओढून बस आणि माझ्या उजव्या पायावर पाय ठेव. मी चिडले तरी काढू नकोस. नंतर जे निघेल ते निघेल. मशीनवर त्या तोंडाळ मुलीला बसवू, तिचे कान चांगले आहेत, आणि मी तुझ्या बाजूला उभी राहून नुसता बेस वाजवेन. पण गुरुवारी मला मोजायचं नाहीये. मला ऐकायचंय, आणि जिथे काहीच ऐकू येणार नाही तिथे हात मांडीवर ठेवून गप्प बसायचंय.

तुझीच,
टकटक